डेरेक बेंटली

डेरेक विल्यम बेंटली (जन्म : ३० जून १९३३, लंडन, मृत्यू : २८ जानेवारी १९५३, वॉन्ड्सवर्थ तुरुंग, लंडन) हा पोलीस कॉन्स्टेबल सिडनी माइल्स यांच्या खुनाबद्दल दोषी ठरवून फाशी दिलेला इंग्लंडमधील एक तरुण होता. माइल्स यांच्यावर गोळी बेंटलीने झाडलेली नव्हती. ती त्याचा १६ वर्षांचा साथीदार ख्रिस्तोफर क्रेग याने झाडली, आणि त्या वेळी बेंटली सुमारे १५ मिनिटांपासून पोलिसांच्या ताब्यात होता. तरीही संयुक्त गुन्ह्याच्या तत्त्वानुसार दोघेही खुनाचे दोषी ठरले. क्रेगचे वय १८ वर्षांपेक्षा कमी असल्याने त्याला मृत्युदंड देता येत नव्हता; १९ वर्षांच्या बेंटलीला तो देण्यात आला. १९९३ मध्ये बेंटलीला मृत्युदंडापुरती मरणोत्तर माफी मिळाली आणि ३० जुलै १९९८ रोजी अपील न्यायालयाने त्याची दोषसिद्धीच रद्द केली. ब्रिटनमधील मृत्युदंडाच्या इतिहासात या खटल्याचा उल्लेख वारंवार केला जातो.

पूर्वायुष्य

बेंटलीचे बालपण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये गेले. लहानपणी त्याच्या डोक्याला इजा झाली होती आणि त्याला अपस्माराचे झटके येत. शाळेत त्याची प्रगती अत्यल्प होती. १९४४ मध्ये तो नॉरबरी मॅनर या माध्यमिक शाळेत दाखल झाला. क्रेगही याच शाळेचा विद्यार्थी होता. १९४८ मध्ये चोरीच्या प्रकरणात बेंटलीची रवानगी ब्रिस्टलजवळील किंग्जवुड येथील सुधारशाळेत झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथे घेतलेल्या चाचणीत, वयाची पंधरा वर्षे उलटून गेलेल्या या मुलाचे मानसिक वय १० वर्षे ४ महिने आणि बुद्ध्यंक ६६ आढळला. जुलै १९५० मध्ये मुदतीपूर्वी त्याची सुटका झाली, तेव्हाही त्याला लिहिता-वाचता येत नव्हते.

सुटकेनंतर काही काळ तो घरातच राहिला. पुढे त्याने घरसामान हलवणाऱ्या एका व्यावसायिकाकडे काम केले. पाठीला दुखापत झाल्यावर ते सुटले. १९५२ मध्ये त्याला क्रॉयडन नगरपालिकेत कचरा उचलण्याचे काम मिळाले. तेथून त्याला रस्ते झाडण्याच्या कामावर उतरवण्यात आले आणि काही काळाने तेही काम गेले. त्याच वर्षी सक्तीच्या लष्करी सेवेसाठी झालेल्या तपासणीत मानसिक क्षमता अपुरी असल्याच्या कारणावरून त्याला अपात्र ठरवण्यात आले होते.

क्रेग हा वयाने बेंटलीपेक्षा तीन वर्षांनी लहान असला, तरी दोघांमध्ये पुढाकार त्याचाच असे. त्याला पिस्तुलांचे विलक्षण वेड होते. ऑक्टोबर १९५२ मध्ये सशस्त्र दरोड्याच्या आरोपावरून त्याच्या थोरल्या भावाला १२ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. यामुळे क्रेगच्या मनात पोलिसांविषयी तीव्र राग होता, असे खटल्यात सांगण्यात आले. बेंटलीच्या आईवडिलांना ही मैत्री पसंत नव्हती.

क्रॉयडनमधील घटना

२ नोव्हेंबर १९५२ रोजी, रविवारी, रात्री सव्वानऊच्या सुमारास बेंटली आणि क्रेग हे दोघे दक्षिण लंडनमधील क्रॉयडन येथे, टॅमवर्थ रस्त्यावरील बार्लो अँड पार्कर या मिठाई व्यापाऱ्यांच्या गोदामात चोरी करण्याच्या इराद्याने गेले. क्रेगजवळ नळी कापून आखूड केलेले रिव्हॉल्व्हर होते. बेंटलीजवळ एक चाकू आणि बोटांत अडकवून ठोसा मारण्याची लोखंडी मूठ होती. ती मूठ क्रेगनेच त्याला दिलेली होती. फाटक ओलांडून व नळाच्या आधाराने दोघे गोदामाच्या सपाट छतावर चढले. समोरच्या घरातील एका लहान मुलीने खिडकीतून त्यांना पाहिले आणि तिच्या आईवडिलांनी पोलिसांना कळवले.

प्रथम डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल फ्रेडरिक फेअरफॅक्स छतावर चढले व त्यांनी बेंटलीला पकडले. बेंटलीने हिसडा देऊन स्वतःला सोडवले. पोलिसांच्या साक्षीनुसार याच क्षणी तो ‘लेट हिम हॅव इट, ख्रिस’ असे ओरडला. क्रेगने गोळी झाडली; ती फेअरफॅक्स यांच्या खांद्याला चाटून गेली. जखमी अवस्थेतही त्यांनी बेंटलीला पुन्हा धरले. यानंतर बेंटलीने प्रतिकार केला नाही. खिशातील चाकू किंवा मूठ त्याने वापरली नाही आणि पळून जाण्याचा प्रयत्नही केला नाही.

थोड्या वेळाने गणवेशातील पोलिसांची कुमक आली. इमारतीच्या आतील जिन्याने वर येऊन छताकडे उघडणाऱ्या दारातून सर्वप्रथम बाहेर पडलेले कॉन्स्टेबल माइल्स यांच्या डोक्यात गोळी लागली व ते जागीच मरण पावले. त्यांचे वय ४२ वर्षे होते. काडतुसे संपल्यावर क्रेगने छतावरून सुमारे ९ मीटर खाली उडी घेतली. त्यात त्याच्या पाठीच्या कण्याला व मनगटाला इजा झाली आणि तो पकडला गेला.

या कामगिरीबद्दल फेअरफॅक्स यांना जॉर्ज क्रॉस, कॉन्स्टेबल हॅरिसन व मॅकडॉनल्ड यांना जॉर्ज पदक आणि माइल्स यांना मरणोत्तर पोलीस पदक देण्यात आले. निःशस्त्र पोलिसांनी त्या रात्री दाखवलेले धैर्य वादातीत आहे. पुढील सर्व वाद बेंटलीच्या दोषाविषयी आणि त्याच्या खटल्याच्या न्याय्यतेविषयी आहे.

खटला

खटल्याची सुनावणी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात ९ ते ११ डिसेंबर १९५२ या तीन दिवसांत झाली. इंग्लंडचे सरन्यायाधीश लॉर्ड गॉडर्ड हे स्वतः न्यायासनावर होते. सरकार पक्षाची बाजू ख्रिसमस हम्फ्रीज यांनी, बेंटलीची फ्रँक कॅसल्स यांनी आणि क्रेगची जॉन पॅरिस यांनी मांडली. युद्धोत्तर काळात तरुणांच्या वाढत्या गुन्हेगारीमुळे समाजात भीती व संताप होता. कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाचा खून ही तर विशेष क्षोभ उत्पन्न करणारी घटना होती. गुन्हा घडल्यापासून सहा आठवड्यांच्या आत निकाल लागला.

तुरुंगातील वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बेंटलीची तपासणी करून तो निरक्षर व मंदबुद्धी असला, तरी खटल्याला सामोरे जाण्यास समर्थ आहे असे मत दिले. या तपासणीतील बुद्ध्यंक ७७ होता. त्याच्या बौद्धिक मर्यादांविषयीचा पुरावा ज्यूरीसमोर आला नाही. मानसिक दुर्बलतेमुळे गुन्ह्याची जबाबदारी कमी होते, हे तत्त्व स्कॉटलंडच्या कायद्याला मान्य होते. इंग्लंडच्या कायद्यात त्या वेळी त्याला स्थान नव्हते.

सरकार पक्षाचे म्हणणे असे : अटक टाळण्यासाठी गरज पडल्यास बळाचा वापर करायचा, असा दोघांचा सामाईक बेत होता. क्रेगजवळ पिस्तूल असल्याचे बेंटलीला ठाऊक होते आणि ‘लेट हिम हॅव इट, ख्रिस’ या शब्दांनी त्याने क्रेगला चिथावले. फेअरफॅक्स, हॅरिसन व मॅकडॉनल्ड या तिघांनीही हे शब्द ऐकल्याची साक्ष दिली. बेंटली आणि क्रेग या दोघांनीही हे शब्द उच्चारले गेल्याचे नाकारले.

ज्यूरीला उद्देशून केलेल्या समारोपाच्या भाषणात गॉडर्ड यांनी बेंटलीजवळ सापडलेल्या लोखंडी मुठीच्या भयंकरपणाकडे ज्यूरीचे लक्ष वेधले. तीन शूर पोलीस अधिकारी शपथेवर खोटे बोलत आहेत असे तुम्ही म्हणणार आहात काय, अशा आशयाचा प्रश्नही त्यांनी ज्यूरीपुढे ठेवला. ज्यूरीने ७५ मिनिटांत दोघांना दोषी ठरवले. मात्र बेंटलीला दया दाखवावी अशी शिफारस जोडली. त्या काळी खुनाला मृत्युदंडाखेरीज दुसरी शिक्षा नसल्याने न्यायाधीशांना शिक्षेबाबत पर्याय नव्हता. क्रेगला वयामुळे अनिश्चित मुदतीच्या बंदिवासाची शिक्षा झाली. मे १९६३ मध्ये तो मुक्त झाला.

वादग्रस्त वाक्य

‘लेट हिम हॅव इट’ या इंग्रजी शब्दप्रयोगाचे दोन अर्थ होतात. एक शब्दशः : ‘ते त्याला देऊन टाक’, म्हणजे पिस्तूल पोलिसाच्या हवाली कर. दुसरा बोलीभाषेतील : ‘हाण त्याला’, म्हणजे गोळी घाल. मराठी वाचकाला ही संदिग्धता सहज समजण्यासारखी आहे. मराठीत ‘दे त्याला’ हे शब्द वस्तू देण्याविषयी जितके स्वाभाविक आहेत, तितकेच ठोसा देण्याविषयीही. कोणता अर्थ घ्यायचा हे प्रसंग आणि बोलणाऱ्याचा सूर यांवर ठरते आणि न्यायालयाच्या कागदावर सूर उतरत नाही.

या संदर्भात एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. लोकप्रिय लेखनात बेंटलीचा बचाव जणू यांतील पहिल्या अर्थावर उभा होता असे सूचित केले जाते. प्रत्यक्षात ते शब्द मुळीच उच्चारले गेले नाहीत, अशी बचाव पक्षाची भूमिका होती. शब्द नाकारणाऱ्याला त्यांचा निरुपद्रवी अर्थ मांडता येत नाही. त्यामुळे संदिग्धतेची चर्चा मुख्यतः नंतरच्या काळात झाली. तुरुंगातून सुटल्यावरही क्रेगने बेंटली असे काही बोलला नसल्याचेच सांगितले.

संयुक्त गुन्ह्याचे तत्त्व

एकापेक्षा अधिक व्यक्तींनी समान बेताने गुन्हा केला, तर त्या बेताच्या ओघात एकाने केलेल्या कृत्याची जबाबदारी सर्वांवर येते, हे तत्त्व इंग्लंडच्या कायद्यात जुने आहे. भारतीय दंड संहितेचे कलम ३४ आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३(५) यांमध्ये समान उद्देशाने केलेल्या कृत्यांविषयी याच्याशी नाते सांगणारी तरतूद आहे. याशिवाय १९५२ च्या इंग्लंडमध्ये अटकेला बळाने विरोध करताना पोलीस अधिकाऱ्याचा मृत्यू झाल्यास, ठार मारण्याचा हेतू वेगळा सिद्ध न करताही खुनाचा गुन्हा शाबीत होऊ शकत असे.

बेंटलीच्या बाबतीत प्रश्न असा होता की, पोलिसांनी पकडल्यावर आणि त्याने प्रतिकार थांबवल्यावर हा सामाईक बेत त्याच्यापुरता संपला होता की नाही. संपला असेल, तर नंतर झाडलेल्या गोळीची जबाबदारी त्याच्यावर येत नव्हती. पहिली गोळी व माइल्स यांचा मृत्यू यांमध्ये गेलेला वेळ म्हणूनच निर्णायक महत्त्वाचा ठरतो.

अपील, दयेचा अर्ज आणि फाशी

१३ जानेवारी १९५३ रोजी बेंटलीचे अपील फेटाळण्यात आले. उरलेला मार्ग दयेच्या अर्जाचा होता. राणीच्या वतीने दयेचा अधिकार गृहमंत्री वापरत आणि त्या वेळी सर डेव्हिड मॅक्सवेल फाइफ त्या पदावर होते. ज्यूरीची शिफारस गृहखात्याकडे पाठवताना, आपल्याला सौम्यतेस पोषक अशी कोणतीही परिस्थिती दिसत नाही, असा अभिप्राय गॉडर्ड यांनी दिला. गृहखात्यातील वरिष्ठ अधिकाऱ्यांचे मत मात्र शिक्षा सौम्य करावी असे होते. गृहमंत्र्यांनी ते न स्वीकारता हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

प्रत्यक्ष गोळी झाडणारा जिवंत राहणार आणि त्याचा मंदबुद्धी साथीदार फासावर जाणार, ही विसंगती अनेकांना असह्य वाटली. २०० हून अधिक खासदारांनी दयेच्या मागणीवर सह्या केल्या. सिडनी सिल्व्हरमन यांनी हा विषय कॉमन्स सभागृहात उपस्थित करण्याचा प्रयत्न केला. परंतु शिक्षेची अंमलबजावणी होण्यापूर्वी त्यावर चर्चा करता येणार नाही, असा निर्णय सभापतींनी दिला. २८ जानेवारी १९५३ रोजी सकाळी ९ वाजता वॉन्ड्सवर्थ तुरुंगात अल्बर्ट पिअरपॉइंट यांनी बेंटलीला फाशी दिली. तुरुंगाबाहेर मोठा जमाव होता. फाशी झाल्याची सूचना फाटकावर लागताच लोकांनी ती फाडून टाकली.

कुटुंबाचा लढा

बेंटलीचे वडील विल्यम, आई लिलियन आणि बहीण आयरिस यांनी त्याच्या निर्दोषत्वासाठी प्रयत्न चालू ठेवले. त्या काळच्या प्रथेनुसार फाशी दिलेल्या कैद्याचे दफन तुरुंगाच्या आवारातच होत असे. बेंटलीचे अवशेष १९६६ मध्ये कुटुंबाला मिळाले आणि क्रॉयडनच्या दफनभूमीत त्यांचे पुन्हा दफन झाले. १९७० च्या दशकात आईवडील वारले आणि लढ्याचा भार आयरिस यांच्यावर आला.

१९९२ मध्ये तत्कालीन गृहमंत्री केनेथ क्लार्क यांनी मरणोत्तर माफीची मागणी फेटाळली. आयरिस यांनी या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले. माफी द्यायची तर ती संपूर्णच दिली पाहिजे असे नाही. गुन्हा कायम ठेवून शिक्षेपुरती माफीही देता येते आणि गृहमंत्र्यांनी या शक्यतेचा विचार करायला हवा होता, असे न्यायालयाने म्हटले. त्यानुसार जुलै १९९३ मध्ये गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांच्या शिफारशीवरून बेंटलीला मृत्युदंडापुरती राजमाफी मिळाली. याचा अर्थ, त्याला फाशी द्यायला नको होती हे शासनाने मान्य केले; पण तो खुनी होता हा निष्कर्ष तसाच राहिला. कुटुंबाला हे पुरेसे वाटले नाही.

जानेवारी १९९७ मध्ये आयरिस यांचे निधन झाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये फौजदारी खटल्यांच्या फेरविचारासाठी स्वतंत्र आयोग कामाला लागला आणि त्याने हे प्रकरण अपील न्यायालयाकडे पाठवले. आयरिस यांच्या कन्येने कुटुंबाच्या वतीने ते शेवटास नेले.

१९९८ चा निर्णय

३० जुलै १९९८ रोजी सरन्यायाधीश लॉर्ड बिंगम यांच्या अध्यक्षतेखालील न्यायपीठाने बेंटलीची दोषसिद्धी रद्द केली. न्यायालयाने एक महत्त्वाचे सूत्र स्वीकारले : खुनाचा मूळ कायदा १९५२ मध्ये होता तोच लावायचा, परंतु खटला न्याय्य पद्धतीने चालला की नाही हे मात्र आजच्या निकषांवर तपासायचे.

या कसोटीवर गॉडर्ड यांचे समारोपाचे भाषण टिकले नाही. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची आहे आणि तो निःसंशय सिद्ध व्हायला हवा, हे ज्यूरीला नीट सांगितले गेले नव्हते. पोलिसांची साक्ष आणि आरोपींची साक्ष यांचे वजन करताना न्यायाधीशांचा कल एका बाजूकडे झुकला होता व बचावाची मांडणी ज्यूरीपुढे पुरेशी ठेवली गेली नव्हती. यामुळे बेंटलीला न्याय्य खटल्याचा हक्क नाकारला गेला, असे न्यायालयाने ठरवले. न्यायपीठाने बेंटलीला निर्दोष म्हणून जाहीर केले नाही, तसेच पोलीस खोटे बोलले असाही निष्कर्ष काढला नाही. ज्या खटल्याच्या आधारे एका माणसाचा जीव घेतला गेला, तो खटला विश्वासार्ह नव्हता, एवढेच त्या निर्णयाचे प्रतिपादन आहे.

जबानीची भाषिक तपासणी

अटकेनंतर बेंटलीने दिलेली म्हणून एक जबानी न्यायालयात सादर झाली होती. कोणतेही प्रश्न न विचारता, तो बोलत गेला तसे आम्ही लिहून घेतले, असे पोलिसांचे म्हणणे होते. बेंटलीने ते नाकारले होते. त्याच्या मते जबानीचा काही भाग प्रश्नोत्तरांतून तयार झाला होता. त्याला स्वतःला ती वाचून पडताळणे शक्य नव्हते.

१९९० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ माल्कम कुल्थर्ड यांनी या जबानीचे विश्लेषण केले. ५८२ शब्दांच्या या मजकुरात ‘देन’ (मग, नंतर) हा शब्द १० वेळा आला होता. सामान्य इंग्रजी बोलण्यात तो इतक्या वेळा येत नाही. शिवाय तो वारंवार कर्त्यानंतर येत होता. सामान्य इंग्रजी माणूस ‘देन आय’ म्हणतो. ‘आय देन’ अशी रचना पोलिसांच्या लेखी अहवालांत आढळते. तसेच, अमुक गोष्ट मला ठाऊक नव्हती, अशा अर्थाची नकारात्मक विधाने जबानीत अचानक येतात. न विचारता निवेदन करणारा माणूस जे घडले ते सांगतो. जे घडले नाही ते तो सहसा कुणी विचारल्यावरच सांगतो. यावरून जबानीमागे प्रश्न होते आणि तिच्या शब्दयोजनेवर पोलिसांचा हात फिरला होता, असे अनुमान कुल्थर्ड यांनी मांडले. न्यायवैद्यक भाषाविज्ञान या विद्याशाखेच्या अभ्यासक्रमांत हे उदाहरण आज नेहमी शिकवले जाते.

परिणाम

टिमोथी एव्हान्स (फाशी १९५०), बेंटली (१९५३) आणि रूथ एलिस (१९५५) या तीन प्रकरणांनी ब्रिटनमधील मृत्युदंडविरोधी जनमताला बळ दिले, असे मानले जाते. १९५७ च्या मनुष्यवध कायद्याने इंग्लंडमध्ये मानसिक दुर्बलतेमुळे घटलेल्या जबाबदारीचा बचाव मान्य केला आणि दुसरा गुन्हा करताना झालेल्या मृत्यूवरून खुनाचा हेतू गृहीत धरण्याचे जुने तत्त्व रद्द केले. हे दोन्ही बदल बेंटलीच्या फाशीनंतर चार वर्षांनी झाले. १९६५ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये खुनासाठी मृत्युदंड पाच वर्षांसाठी स्थगित झाला आणि १९६९ मध्ये तो कायमचा रद्द करण्यात आला. साथीदाराच्या जबाबदारीविषयीच्या कायद्याला काही दशकांत चुकीचे वळण लागले होते, असे २०१६ मध्ये जोगी खटल्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. त्या चर्चेत बेंटलीचे नाव पुन्हा घेतले गेले.

साहित्य आणि चित्रपट

विल्यम बेंटली आणि आयरिस बेंटली या दोघांनीही या प्रकरणावर पुस्तके लिहिली. डेव्हिड यॅलप यांच्या ‘टू एन्करेज द अदर्स’ (१९७१) या पुस्तकाने खटल्यातील त्रुटींकडे पुन्हा लक्ष वेधले. पीटर मेडक यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘लेट हिम हॅव इट’ (१९९१) या चित्रपटात बेंटलीची भूमिका ख्रिस्तोफर एक्लस्टन यांनी केली. गायक एल्विस कॉस्टेलो यांनी १९८९ मध्ये या प्रकरणावर आधारित गीत प्रसिद्ध केले.